चीनची कार्बन फ्रेम, अकोल्यात जोडणी

प्रश्न : बजेट बेताचंच आहे. चीनमधून थेट कार्बन फ्रेम मागवून शर्यतीची सायकल जोडू का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : जोडा, पण सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब मांडा, अर्धी स्वस्ताई तिथंच जिरते. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांच्या शर्यतीत फ्रेमवर मान्यतेचं लेबल लागतं, शिवाय अख्ख्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही. बिननावाच्या फ्रेमवर ते लेबल बहुधा नसतंच.

सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा, छापलेल्या आकड्यापुढे नाही. ‘हातानं कळतं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला लांबच ठेवा. क्लॅम्पखालचा केसाएवढा तडा दिसतही नाही.

रिम ब्रेक असतील तर चाकं ॲल्युमिनियमचीच घ्या. चिखलदऱ्याच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की स्वस्त कार्बन रिम तापून मऊ पडते.