आटणाऱ्या पाण्याचा तपास

जुनी मोटार बाळगणाऱ्या मनुष्याच्या अंगी कालांतराने एक विलक्षण सहिष्णुता बाणते. दार दोनदा आपटल्यावाचून लागत नाही, वायपर काचेच्या मध्यावर येऊन अडखळतो, हॉर्न ऐन पावसाळ्यात मौन धरतो, आणि या सर्वांशी तो बिनतक्रार जुळवून घेतो. एरवी हा गुणच म्हणावा लागेल. परंतु इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याच्या बाबतीत तो घातक ठरतो. ‘गाडी जुनी झाली साहेब, आता थोडं पाणी पिणारच,’ हे वाक्य गॅरेजांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते, आणि आपणही ते इतक्या सहजतेने शिरोधार्य मानतो, की हे प्यालेले पाणी जाते कोठे, असा साधा प्रश्न विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक मोटार पाणी पीत नाही. ज्या बंदिस्त मार्गातून ते अहोरात्र तेच ते फिरावयाचे, त्यातून ते कमी झाले तर कोठून तरी बाहेर पडले असले पाहिजे. आणि ती जागा हाती लागेपर्यंत जे जे बदलले जाते, त्याची जमा मालकाच्या खात्यात कधीच होत नाही. माझ्या गाडीने मला हे कसे शिकविले, त्याची कैफियत येथे मांडतो. तिच्यातून कोणाचा खर्च वाचला तर ती मांडण्याचे सार्थक होईल.

प्रथम या व्यवस्थेचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर न्यावी लागते. वॉटर पंप हे पाणी सिलिंडरांच्या भोवताली खेळवितो; ते साधारण ८२ अंश सेल्सियसच्या आसपास तापले म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आणि त्याला रेडिएटरकडे वाट करून देतो; तेथे वाऱ्याने आणि पंख्याने निवून ते पुन्हा कामावर रुजू होते. या सगळ्यात ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती म्हणजे रेडिएटरचे टोपण. त्यावर बहुधा ०.९ असा आकडा कोरलेला असतो, आणि आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅमपर्यंत चढेतोवर ते टोपण उघडत नाही, असा त्याचा अर्थ. स्वयंपाकघरातील कुकरचेच हे तत्त्व. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांना उकळू लागते. तेच या दाबाखाली ११८ अंशांच्या आसपास उकळते, आणि त्यात निम्मे कूलंट मिसळलेले असेल तर सुमारे १२५ अंशांपर्यंत दम धरते. यावरून एक गोष्ट उघड होते. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून जाणारे पाणी क्षुल्लक असेल, पण त्याच छिद्रातून दाबही जातो. आणि दाब गेला की घाटाच्या चढणीवर, नेमके जेव्हा त्या वीस-पंचवीस अंशांच्या सवलतीची गरज असते, तेव्हाच ती नाहीशी होते.

माझी गाडी दुसऱ्या मालकाकडून आलेली, वयाची वीस वर्षे उलटलेली, छोटी पेट्रोल गाडी. बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या राखीव बाटलीतील पातळी हळूहळू उतरत असे. वरची खूण गाठेतो भरावे, आणि काही दिवसांनी पाहावे तो खालच्या खुणेशी आलेली. आश्चर्य असे, की रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले तरी सकाळी त्यावर थेंबाचा डाग नसे. ज्या गॅरेजात गाडी जात असे तेथील मिस्त्रींनी प्रथम ‘जुनी गाडी पाणी पिणारच’ हा सिद्धांत ऐकविला. पाणी आटण्याचा वेग वाढला तेव्हा रेडिएटर ‘आतून गेला’ असा निकाल दिला, आणि तपासणीची कोणतीही तसदी न घेता नवा रेडिएटर, त्यापाठोपाठ वरचा व खालचा होज, असा ऐवज गाडीत आणि त्याचे बिल माझ्या हाती पडले. पाणी आटत राहिले ते राहिलेच.

निर्णायक प्रसंग खंबाटकी घाटात घडला. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना हा घाट चढावा लागतो. वैशाखातली दुपार, पुढे मालाने लादलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगणारे, आणि त्यांच्यामागे वाऱ्याचा स्पर्श न होणारी आमची गाडी. तपमानाचा काटा मध्यावरून चढत तांबड्या पट्ट्याच्या कडेस टेकला, क्षणभर थबकला, आणि मग एकाएकी खाली, थेट थंडीच्या खुणेपर्यंत, घसरला. शेजारी बसलेले स्नेही समाधानाने म्हणाले, “चला, निवली एकदाची!” परंतु त्याच वेळी गोडसर, तापलेला असा एक दर्प नाकाशी आला, आणि मी गाडी डाव्या अंगाला घेऊन इंजिन बंद केले. तो काटा हलविणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरी साक्ष देतो. पाणी ओसरून त्याच्याभोवती नुसती हवा उरली, म्हणजे धातू रसरसत असतानाही तो थंडीचा निर्वाळा देऊ शकतो. म्हणून चढलेला काटा अकस्मात उतरला, तर ती सुटका न समजता सर्वांत मोठी धोक्याची सूचना समजावी. त्या अवस्थेत आणखी एक-दोन मैल रेटलेल्या गाड्यांचे सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि मग हेड उतरवून लेथवर फेसिंग करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अशा वेळी काय करावे, हेही येथेच सांगितले पाहिजे. पाणी अजून शिल्लक आहे आणि गाडी थांबविण्यास जागा नाही, अशी अडचण असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात ते असह्य वाटले तरी तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. गाडी थांबल्यावर टोपणाला हात लावण्याची घाई कदापि करू नये, कारण त्याखाली दाबाने रोखून धरलेले पाणी टोपण सैल होताच वाफेसह उसळते आणि चेहरा व हात भाजून काढते. निदान पाऊण-एक तास जाऊ द्यावा. वरचा होज फडक्याने दाबून पाहावा. तो ताठ असेल तर आत दाब आहे, मऊ पडला असेल तर मग जाड फडके घालून टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, उरलीसुरली वाफ जाऊ द्यावी आणि त्यानंतर ते काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बाटली रिकामी करण्याचा शिरस्ता ढाब्याढाब्यांवर दिसतो, पण अशाने ओतीव लोखंडाला तडा जाण्याची भीती असते. इंजिन निवल्यावर, थोडे थोडे, पाणी घालावे.

साताऱ्यात एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी माझी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “साहेब, पार्ट नंतर बदलू. आधी प्रेशर देऊन बघू.” इंजिन पूर्ण गार होते. त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, टोपणाच्या जागी एक हातपंप बसविला आणि त्यावरील घड्याळाचा काटा ०.९ वर येईतो दांडा मारला. त्याहून अधिक नाही, कारण अधिक दाबाने धडधाकट जोडही फुटतो. मग ते बाजूला बसून राहिले. काटा स्थिर राहिला तर मार्ग निर्दोष. तो उतरू लागला तर पाणी कोठून तरी निघतेच आहे, आणि इंजिन गार असल्यामुळे ते वाफ होऊन पुरावा नष्ट करू शकत नाही. आमचा काटा डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतक्या मंद गतीने उतरत होता. मिस्त्रींनी होजचे सारे जोड बोटांनी चाचपले, पंपाच्या पुलीमागे बॅटरीचा झोत टाकला, आणि अखेरीस दांडीला बसविलेला छोटा आरसा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली सरकविला. आरशात ब्लॉकच्या भिंतीवर रुपयाहून थोडी मोठी, वाटीसारखी खोलगट अशी पत्र्याची चकती दिसली. तिच्या कडेने पांढुरके-हिरवट क्षार जमले होते आणि त्यांच्या खालच्या टोकाशी पाण्याचा एक बिंदू फुगत फुगत सुटला, की त्याच जागी दुसरा धरू लागे.

हा कोअर प्लग. ब्लॉक ओतताना आतील वाळू काढण्यासाठी जी भोके ठेवावी लागतात ती या चकत्यांनी बंद केलेली असतात. गळती जमिनीवर का उतरत नव्हती, याचा उलगडा तेथेच झाला. इंजिन चालू असताना सुटलेला थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तत्क्षणी वाफ होई, आणि इंजिन निवल्यावर दाबच उरत नसल्याने थेंब सुटत नसे. चकती का कुजली, याची सबबही उघड होती. आधीच्या मालकाच्या अमदानीत गाडीत वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले गेले होते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये नसल्याने पत्रा आतून खाल्ला गेला, आणि बाहेरून त्याचा मागमूस लागला नाही. मॅनिफोल्ड उतरवून जुनी चकती काढली तेव्हा ती बोटाने चिमटली तरी दुमडत होती. भोकाची बैठक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ केली, कडेस सीलंट लावून पितळी चकती सरळ ठोकून बसविली, आणि आतले पाणी तांबूस यावयाचे थांबेतो सगळा मार्ग धुऊन काढला. चकतीची किंमत नगण्य. मजुरी काय ती मॅनिफोल्ड उतरविण्याची. आधी बदललेला रेडिएटर बहुधा निर्दोष असावा, पण त्याचा मुद्देमाल भंगारात गेल्याने आता खातरजमा करण्यास वाव नाही.

या अनुभवावरून तपासाचा जो क्रम मी मुक्रर केला आहे तो असा. आरंभ टोपणापासून करावा, कारण ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. त्याचे रबर कडक झाले वा चिरले असेल तर दाब धरला जात नाही. आणि मधली छोटी झडप चिकटली असेल तर गरम असताना बाटलीत गेलेले पाणी निवल्यावर परत ओढले जात नाही, ज्यामुळे बाटली भरलेली दिसते पण रेडिएटर रिता असतो. म्हणून पातळी पाहावयाची ती बाटलीतही आणि, गाडी गार असताना, रेडिएटरच्या तोंडाशीही. त्यानंतर होज दाबून पाहावेत. फुगवटा, भेगा वा क्लिपेजवळ पांढरी रेघ दिसली तर दोष तेथेच आहे असे समजावे. क्वचित क्लिप गार असतानाच झिरपते आणि तापल्यावर रबर फुगून ती बंद होते, म्हणून सकाळची पाहणी महत्त्वाची. वॉटर पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक छोटे भोक असते. तेथून ओघळ आला असेल तर आतले सील संपले, आणि पंप बदलणे हाच इलाज. पुढे रेडिएटरच्या ॲल्युमिनियम जाळीचा प्लॅस्टिकच्या टाकीशी असलेला सांधा पाहावा. फियाट-अँबॅसडरच्या काळातील पितळी रेडिएटरला डाख देऊन वर्षानुवर्षे चालविता येत असे, तशी सोय या प्लॅस्टिकच्या सांध्याला नाही. पुढच्या सीटखालची चटई ओली, काचेवर आतून चिकट धुके आणि गोडसर वास, ही त्रयी आढळली तर हीटरची जाळी गळते आहे. सर्वांत शेवटी ब्लॉकच्या चकत्या, आणि बाहेर कोठेच काही न सापडता पाणी जातच असेल तर हेड गॅस्केट. त्याच्या खुणा म्हणजे गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय, आणि इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी येणारे अखंड बुडबुडे.

दोन प्रचलित उपायांपासून मात्र वाचकांनी सावध राहावे. रेडिएटरमध्ये हळद टाकली की छिद्र बुजते, हा ड्रायव्हरमंडळींचा जुना तोडगा; बाजारात मिळणारी गळतीबंद पावडर ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. अडल्या वेळी गाव गाठण्यापुरता त्याचा उपयोग होतो, हे नाकारीत नाही. पण छिद्र बुजविणारा पदार्थ रेडिएटरच्या चिंचोळ्या नळ्या आणि हीटरची जाळी यांनाही सोडीत नाही, आणि तेथे साचलेला गाळ पुढे इंजिन तापविण्यास कारण होतो. दुसरा उपाय थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे?’ असा युक्तिवाद त्यामागे असतो. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन उबेस येण्यास विलंब लावते, पेट्रोल अधिक जाळते, त्याची झीज वाढते, आणि गळती जशीच्या तशी राहते.

दुरुस्तीनंतर मार्ग भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट कंपनीच्या पुस्तिकेतील प्रमाणात घ्यावे. बोअरिंगच्या जड पाण्याने आत क्षार बसतात. निरनिराळ्या जातीची कूलंट एकत्र केल्यास त्यांचा गाळ होऊ शकतो, आणि रंग सारखा असणे हा जात एक असल्याचा दाखला नव्हे. टोपण काढून इंजिन सुरू ठेवावे, थर्मोस्टॅट उघडून हवेचे बुडबुडे निघून जाईतो भरत राहावे, मगच टोपण लावावे. अडकलेली हवा नव्या दुरुस्तीवर नाहक ठपका आणते. सांडलेले कूलंट तत्काळ धुऊन टाकावे, कारण त्यातील ग्लायकोल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना प्राणघातक असते.

यापुढे कोणी मिस्त्री पाहताक्षणी रेडिएटर बदलण्याची तजवीज सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे, की प्रेशर देऊन पाहिले काय. पाहिले असेल तर त्याने गळतीची जागा बोटाने दाखवावी, म्हणजे खर्चाला संमती देण्यास हरकत नाही. पाहिले नसेल, तर गाडी तशीच दुसऱ्या दारी न्यावी.