म्हाताऱ्या सशाने चारा सोडल्यास

घरी पाळलेला ससा पाच-सहा वर्षांचा झाला की म्हातारपणाकडे झुकू लागतो. अशा सशाने चारा सोडल्यास 'वय झाले' असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे असते. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. पोटात चारा न गेल्यास त्याची हालचाल मंदावते, वायू धरतो आणि वेदनेमुळे उरलीसुरली भूकही मरते. म्हणून दहा-बारा तास काही न खाल्लेल्या, अथवा लेंड्या बारीक वा बंद झालेल्या सशास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

पुष्कळदा दोष दाढांत सापडतो. सशाचे दात जन्मभर वाढतात व गवत चावण्याने झिजतात. धान्य, भाकरी व बिस्किटे यांवरच पोसलेल्या सशाच्या दाढांस टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात. ससा चाऱ्याजवळ येतो, हुंगतो आणि मागे सरतो; हनुवटी लाळेने ओली राहते. पुढचे दात चांगले दिसले तरी दाढा तपासून घ्याव्यात. सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार व कडक उन्हाळा यांमुळेही भूक मंदावते.

पोट फुगले असल्यास बळेच भरवू नये. पेनिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे मुळीच देऊ नयेत; आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो.

स्वच्छ वाळलेले गवत व ताजे पाणी सदैव पुढे असावे. आठवड्यास एकदा वजन करावे आणि लेंड्या रोज पाहाव्यात. ससा दुखणे लपवितो. लेंड्या ते लपवीत नाहीत.