जुने मनगटी घड्याळ : पारख आणि रास्त किंमत

जुनी वस्तू विकत घेताना दोन प्रश्न मनाशी धरावे लागतात. ती जी म्हणून आपल्यासमोर ठेवली आहे तीच खरोखर आहे काय, हा पहिला. आणि मागितलेली किंमत तिला साजेशी आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याकडे वळू नये. हा नियम नीट समजावा म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ : एच. एम. टी. चे चावीचे मनगटी घड्याळ.

हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, आजोबांच्या कपाटात किंवा आजीच्या पेटीत, असे एखादे घड्याळ निघेल. भारत सरकारने १९५३ साली बंगळूर येथे ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ ही संस्था काढली ती यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करण्यासाठी. पुढे १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तेथे मनगटी घड्याळांचा कारखाना उभा राहिला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही नावे हळूहळू घरोघरी पोहोचली. लग्नात जावयाला, परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना हेच घड्याळ भेट दिले जाई. नंतर सेलवर चालणारी घड्याळे आली, चावीच्या घड्याळांची मागणी ओसरली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. जुन्या घड्याळांचे शौकीन आता ही घड्याळे शोधत फिरतात; आणि जेथे हौस वाढते तेथे फसवणुकीलाही वाव मिळतो.

मूळ म्हणजे काय?

घड्याळाचे मुख्य भाग असे : तबकडी, काटे, काच, चावी, डबी, डबीचे मागचे झाकण आणि आतील यंत्र. कारखान्यातून जे भाग एकत्र बाहेर पडले तेच आजही एकत्र असतील, तर ते घड्याळ मूळ म्हणावे. परंतु चाळीस-पन्नास वर्षे मनगटावर राहिलेल्या वस्तूत काहीच बदलले नसेल, ही अपेक्षा अवास्तव होय. काच, चावी, मुख्य स्प्रिंग आणि पट्टा हे झिजणारे भाग आहेत. ते बदललेले असले तरी घड्याळाची योग्यता फारशी कमी होत नाही. तबकडी, काटे, डबी आणि यंत्र यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावरच घड्याळाची ओळख अवलंबून असते. एकाची डबी, दुसऱ्याची तबकडी आणि तिसऱ्याचे यंत्र घेऊन जुळविलेले घड्याळ वेळ बरोबर दाखवीलही. पण त्याला मूळ म्हणता येणार नाही.

पारख करावयाची कशी? इतिहाससंशोधक जुने पत्र हाती घेतो तेव्हा कागद, शाई, अक्षरांचे वळण, शिक्का आणि मिती यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे तो तपासतो. घड्याळालाही हीच कसोटी लावावी. एकट्या खुणेवर विसंबू नये. सगळ्या खुणा एकच हकिकत सांगतात काय, हे पाहावे.

तबकडीची साक्ष

सर्वांत मोठी फसगत तबकडीत होते. जुनी, डागाळलेली तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवावयाचा आणि नावे पुन्हा छापावयाची, हा उद्योग मुंबईसारख्या शहरांत चालतो. भडक लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या, कधी सैन्याच्या खुणा रेखाटलेल्या अशा तबकड्या पाहताक्षणी मन मोहून घेतात. साधे भिंग घेऊन त्या पाहिल्या की भेद कळू लागतो. कारखान्याच्या छपाईत अक्षरांच्या कडा रेखीव असतात, ओळी सरळ असतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी तंतोतंत जुळतात. पुन्हा रंगविलेल्या तबकडीवर अक्षरे जाड किंवा फुटलेली दिसतात, दोन अक्षरांमधील अंतर कमीजास्त असते, रंग कडेवर किंवा मधल्या छिद्रात ओघळलेला असतो. तबकडीच्या तळाशी कडेला बारीक अक्षरांत जो मजकूर असतो, तो पुष्कळदा नाहीसा झालेला असतो.

दुसरी कसोटी वयाची. डबीवर ओरखडे, मागचे झाकण झिजलेले, आणि तबकडी मात्र कालच छापल्यासारखी स्वच्छ, असे असेल तर वयाचा मेळ बसत नाही. तिसरी कसोटी मजकुराची. तबकडी म्हणते ‘ऑटोमॅटिक, २१ ज्युएल्स’ आणि आतील यंत्र निघते चावीचे, १७ खड्यांचे. मग दोघांपैकी एक परके आहे, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

अंधारात चमकणाऱ्या अंकांचीही एक मौजेची परीक्षा आहे. शतकापूर्वी अशा अंकांच्या रंगात रेडियम घालीत. पुढे त्याच्या जागी ट्रिशियम आले. ट्रिशियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे सुमारे ५० वर्षांत ते चार वेळा निम्मे होते आणि मूळच्या एक-षोडशांशच उरते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असले, तरी त्याच्यासोबतचे चमकणारे द्रव्य फार आधीच निकामी होते. तेव्हा पन्नास वर्षांचे म्हणून दाखविलेले घड्याळ रात्री लखलखत असेल, तर त्याचा रंग नवा आहे, असे समजावे. मात्र एक इशारा लक्षात ठेवावा : परदेशी जुन्या घड्याळांच्या अंकांवरील रंग कुतूहलापोटी कधीही खरवडू नये. त्याची चमक गेली तरी रेडियम तेथेच असते, आणि त्याची धूळ शरीरात जाणे घातक आहे.

यंत्राची साक्ष

मागचे झाकण घरी चाकूने उघडण्याच्या फंदात पडू नये. ते काम घड्याळजीकडून आपल्यासमोर करवून घ्यावे. आत गंज, पाण्याचे डाग, बोथटलेले स्क्रू दिसले तर घड्याळ अडाणी हातांतून गेले आहे, हे उघड होते.

‘सतरा खड्यांचे’ म्हणून विक्रेता किंमत चढवितो, त्यालाही भुलू नये. हे खडे म्हणजे कृत्रिम माणके. ती तयार करण्याची रीत फ्रान्समधील व्हर्नई याने १९०२ साली जाहीर केली, आणि त्यानंतर ती स्वस्त झाली. चक्रांच्या आसांची टोके धातूवर घासून झिजू नयेत म्हणून ती बसवितात. सर्वसाधारण मांडणीत तोलचक्राला पाच, तरफेला चार, आणि सुटका-चक्र, चौथे, तिसरे व मधले चक्र यांना प्रत्येकी दोन, अशी ही १७ ची बेरीज होते. खड्यांची संख्या यंत्राची रचना सांगते. दागिन्यासारखे मोल त्यांना नाही.

आता चाल पाहा. ‘जनता’ घड्याळाचे यंत्र तासाला १८,००० ठोके देते. तासाचे ३,६०० सेकंद. म्हणजे सेकंदाला पाच ठोके. म्हणून त्याचा सेकंदकाटा बारीक पावलांनी सरकताना दिसतो. सेलच्या घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा, म्हणजे २ च्या पंधराव्या घाताइतक्या वेळा, कंप पावतो आणि काटा दर सेकंदाला एकच उडी घेतो. चावीचे म्हणून दिलेल्या घड्याळाचा काटा असा उडी मारीत असेल, तर आतील यंत्र बदलले आहे.

चावी पूर्ण देऊन घड्याळ रात्रभर तबकडी वर करून ठेवावे, दुसऱ्या रात्री तबकडी खाली करून, तिसऱ्या रात्री उभे. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. त्यांत एका मिनिटाची चूक म्हणजे हजारात एकाहूनही कमी. जुन्या घड्याळाला तेवढी सूट द्यावी. ते दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुढे जात असेल, तर कदाचित केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होऊन तिची वेटोळी एकमेकांना चिकटत असतील. हा दोष घड्याळजी थोड्या वेळात काढतो. चावी दिल्यावर एक दिवसही न चालणाऱ्या घड्याळाला मात्र पुरती दुरुस्ती लागते.

किंमत कशी ठरवावी?

मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फरक असतो. दुकानाच्या काचेवर लिहिलेला आकडा ही केवळ विक्रेत्याची इच्छा होय. तशाच स्थितीतील तीन-चार घड्याळे खरोखर कितीला विकली गेली, याची चौकशी करावी आणि तेथून हिशेब सुरू करावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मूळ तबकडीचे, नीट चालणारे घड्याळ १,५०० रुपयांना विकले जाते. आपल्यासमोरचे घड्याळही मूळच आहे, पण त्याला साफसफाई व तेलपाणी हवे, त्याला ४०० रुपये. काच आणि चावी बदलावयाची, त्यास १५० रुपये. तर रास्त किंमत ९५० रुपये. परंतु तबकडी पुन्हा रंगविलेली असेल, तर १,५०० मधून वजाबाकी करीत बसू नये. ती वस्तूच निराळी झाली. तिची तुलना तशाच रंगविलेल्या घड्याळांशी करावी.

‘दुर्मिळ’ हा शब्द ऐकला की सावध व्हावे. एच. एम. टी. ने कोट्यवधी घड्याळे बनविली. त्यांतील साधे नमुने सहज मिळतात. जुने बिल, हमीपत्र, मूळ डबा सोबत असेल तर थोडे अधिक देणे योग्य, कारण तो पुरावा आहे. विक्रेत्याच्या तोंडची हकिकत कितीही रसाळ असली तरी ती पुरावा नव्हे.

घरातील घड्याळाविषयी

ही पारख केवळ गिऱ्हाइकासाठी नाही. घरातील मंडळी आजोबांचे घड्याळ मोठ्या हौसेने दुरुस्तीला देतात आणि ‘अगदी नवे करून द्या’ असे सांगतात. घड्याळजीही सांगितल्याप्रमाणे करतो. घड्याळ चकाकत परत येते. पण ज्या तबकडीकडे आजोबांनी तीस वर्षे रोज पाहिले, ती कायमची पुसली गेलेली असते. डबी घासून उजळविताना मागच्या झाकणावर कोरलेले निवृत्तीचे साल आणि शाळेचे नावही निघून जाते. बाजारात त्या कोरीव अक्षरांमुळे घड्याळाची किंमत कदाचित कमी झाली असती. घरात मात्र तीच अक्षरे त्याचे खरे मोल होती. म्हणून दुरुस्तीला देताना एवढेच सांगावे : यंत्र स्वच्छ करा, तेल द्या, काच बदला, तबकडीला हात लावू नका, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत द्या.

आणि उद्या आपल्यावरच जुने घड्याळ विकण्याची वेळ आली, तर काय बदलले आहे ते आपण होऊन सांगावे. दुरुस्ती करण्यात कमीपणा नाही. ती लपविण्यात आहे. रंगविलेली तबकडी ‘रंगविलेली’ म्हणून विकली, तर देणाऱ्याला योग्य दाम मिळतो, घेणाऱ्याला योग्य वस्तू मिळते, आणि दोघांपैकी कोणालाही पुढे मान खाली घालावी लागत नाही. घड्याळ वेळेशी प्रामाणिक राहते. त्याचा व्यवहारही तितकाच प्रामाणिक असावा.