डोडोच्या पाठाला जोड



एका शाळेच्या तपासणीस गेलो असता डोडो पक्ष्यावरील पाठ चालू होता. पाठ उत्तम झाला, परंतु शेवटी एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग त्या बेटावरच्या बाकीच्या पाखरांचे काय झाले?" गुरुजी निरुत्तर झाले, आणि खरे सांगावयाचे तर मीही. तिचे उत्तर पाठात यावे, म्हणून हे टिपण.

डोडोचे बेट मॉरिशस हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस आहे. आपले मराठी बांधवही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. डोडो सतराव्या शतकातच नष्ट झाला. पुढे जंगलतोड, बाहेरून आणलेले प्राणी आणि डीडीटीची फवारणी यांमुळे तेथील लहान ससाण्यावरही तीच वेळ आली. १९७४ साली रानात अवघे चार ससाणे उरल्याची नोंद आहे.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स हे जीवशास्त्रज्ञ तेथे गेले. त्यांनी योजलेला उपाय खेड्यातील मुलांस चटकन उमजेल. कोंबडीची अंडी उचलली, तर ती आणखी घालते. ससाण्याची पहिली अंडी काढून यंत्रात उबविली, तेव्हा मादीने पुन्हा अंडी घातली. पिले वाढवून रानात सोडली, घरट्यांसाठी पेट्या बसविल्या. सरकार, जर्सी बेटावरील जेराल्ड ड्यूरेल यांची संस्था आणि १९८४ पासून स्थानिक वन्यजीव प्रतिष्ठान यांनी हा भार मिळून वाहिला. एकट्या शास्त्रज्ञाचे ते काम नव्हे. ससाणे शेकड्यांनी वाढले. पुढे संख्या पुन्हा घटल्याने २०१४ मध्ये त्यांची गणना परत अधिक धोक्यातील पक्ष्यांत झाली, हेही मुलांपासून लपवू नये.

मला मात्र कासवांची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मॉरिशसच्या किनाऱ्यालगत इल ओ एग्रेत नावाचे २६ हेक्टरांचे बेट आहे. तेथील आबनूस आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला. त्याची फळे खाऊन बी दूर नेणारी प्रचंड कासवे केव्हाच संपली होती. फळे झाडाखालीच पडून राहत. म्हणून सन २००० पासून अल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवे तेथे सोडण्यात आली. त्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असे पाहणीत आढळले, आणि मूळ झाडापासून दूरही रोपे दिसू लागली.

टेंभुर्णीची फळे आपल्या रानात कोण खाते आणि बी कोठे जाऊन पडते, हे मुलांना प्रत्यक्ष पाहून वहीत लिहावयास सांगावे. पुढील तपासणीत मी त्या वह्या मागेन.