वायुविहिरीचे पाणी : कूळ आणि कसोटी

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर, पात्र, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, हा त्यामागील हेतू. स्वच्छ दिसणारे पाणीही गाळल्यावाचून घेऊ नये, ही शिस्त मनात ठेवून आपण एका दूरच्या वाटणाऱ्या प्रश्नाचा अभ्यास करू : जमिनीतून वायू काढताना निघणारे सांडपाणी पिण्यायोग्य होऊ शकते काय?

कोळशाच्या थरांत मिथेन वायू पाण्याच्या दाबामुळे कोळशाला धरून राहतो. विहीर खोदून ते पाणी उपसले, की दाब उतरतो आणि वायू मोकळा होतो. पश्चिम बंगालमधील राणीगंज परिसरात २००७ पासून अशा वायूचे व्यापारी उत्पादन होत आहे. वायूबरोबर वर येणारे पाणी बहुधा खारट असते. त्यात सोडियम व बायकार्बोनेट, तर काही ठिकाणी फ्लोराइड, लोह, बोरॉन हेही आढळतात. खडक फोडण्यासाठी रसायने मिसळलेले पाणी आत दाबले असेल, तर परत येणारे पाणी याहून घातक असते. या दोहोंना एकच समजणे चुकीचे ठरेल.

शुद्धीकरण पायरीपायरीने होते. प्रथम तलावात गाळ बसू देतात. मग तेलकट अंश व लोह काढतात. सूक्ष्म गाळण्यांतून पाणी नेतात. शेवटी ते मोठ्या दाबाने आरओच्या पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. पिण्यासाठी द्यावयाचे असल्यास आवश्यक खनिजे पुन्हा मिसळून ते निर्जंतुक करावे लागते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात असे शुद्ध केलेले पाणी चिंचिला गावाजवळील बंधाऱ्यात सोडले जाते आणि तेथून शेतीला व गावाला पाणी मिळते. म्हणजे ही गोष्ट शक्य आहे. मात्र पडद्याअलीकडे उरलेल्या दाट खाऱ्या पाण्याची सुरक्षित विल्हेवाट लावली नाही, तर एका गावाची तहान भागवताना दुसऱ्याची जमीन नापीक होते.

वडीगोद्रीचा परिसर काळ्या पाषाणाचा. येथे कोळसा नाही, वायुविहिरीही नाहीत. तरीही हा धडा आपला आहे, कारण तोच पडदा आज गावोगावच्या फिल्टर यंत्रांत बसलेला आहे. वीस लिटरचा जार आपण चव व थंडावा पाहून घेतो. वास्तविक भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट आहे. फ्लोराइड जिभेला कळत नाही. त्याचे डाग मुलांच्या दातांवर उमटतात तेव्हा उशीर झालेला असतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेणगोमूत्रादी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्याने पाणी घाण होते त्यालाच शुद्धी म्हटले गेले, कारण तेथे पाण्याची परीक्षा नव्हती, माणसाच्या जन्माची होती. हा इतिहास ज्यांचा वारसा आहे, त्यांनी पाण्यालाही केवळ उगमावरून नाकारू नये. त्याचबरोबर कोणी मोठ्याने सांगितले म्हणून ते स्वीकारूही नये. कालामांना तथागतांनी हाच विवेक शिकवला. आणि जे पाणी देणारा स्वतःच्या लेकरांना पाजणार नाही, ते गरिबाच्या वस्तीला देणे ही नव्या रूपातील अस्पृश्यताच होय.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे : आपल्या गावातील विहीर, नळ व जार यांच्या पाण्याची वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी, आणि तिचा अहवाल विहाराच्या भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असा लावावा.