फळी सांभाळणाऱ्या भाच्याला

बाबू, यंदा ग्रामसभेने तेंदूपानं गोळा करायची फळी तुझ्याकडे सोपवली, ऐकून बरं वाटलं. एका पुड्यात 70 पानं, हजार पुड्यांची एक गोणी, हे तुला शिकवायला नको. मला सांगायचं आहे ते माणसांबद्दल.

तुझा स्वभाव घाईचा. म्हणून मागचापुढचा विचार करणारा माणूस तुला कामचुकार वाटेल. असा शिक्का कुणावर मारू नको. फळीवर एखादी म्हातारी बसलेली असते, तोंडातून शब्द नाही. पुडा उचलते, अंगठ्याने दाबते, आत फाटकी पानं लागली की नुसता बाजूला सरकवते. पुडेवाला वाद घालत नाही, दुसऱ्या दिवशी नीट बांधून आणतो. तपासणी तिलाच दे. भावाचं बोलायला गरम डोक्याचा पोरगा जाऊ दे, पण हिशेबाची वही घेऊन एक शांत माणूस त्याच्या शेजारी बसव. पोरगा एकटा गेला तर भांडून येईल, शांत माणूस एकटा गेला तर ठेकेदार म्हणेल त्या भावाला मान हलवून येईल.

मेंढा (लेखा) आपल्याच तालुक्यात आहे, तिथल्या ग्रामसभेत एकदा जाऊन बस. तिथेही अशीच दोन स्वभावांची माणसं. देवाजी तोफा गावचेच, अधिकाऱ्यासमोर ताठ उभे राहून बोलणारे. मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरहून आलेले, प्रश्न विचारणारे, अभ्यासगटात रमणारे. निर्णय गावाने घ्यायचा, आपण नाही, हे पथ्य त्यांनी पाळलं. दोघांपैकी कुणी दुसऱ्यासारखं व्हायला गेलं नाही. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. कष्ट अख्ख्या गावाचे, पण असे दोन वेगळे स्वभाव एकत्र नांदले नसते तर हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचंच राज्य, ही तिथली घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. मला तिथली बैठकीची रीत त्याहून मोठी वाटते. बहुमताने निर्णय नाही. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बसायचं. तुझ्याही बैठकीत शंका काढणारा एक असेलच. त्याला सगळ्यांत आधी बोलू दे. ठेकेदाराशी करार करताना जी खोच राहून जाते, ती बहुतेक वेळा त्यालाच दिसलेली असते. आणि सभा नुसती मराठीत चालवू नको. मागे बसलेल्या बायांना गोंडीत विचार, मग बघ किती जणी बोलतात ते. त्यांनाच ठाऊक असतं कुठल्या बाजूचा पाला आधी तयार होतो.

चुकाऱ्याच्या दिवशी वही स्वतः धरू नको. तुझ्यापेक्षा सावकाश लिहिणाऱ्याच्या हाती दे, तू रांगेजवळ उभा राहा.