खेळातून पडद्यावर : 'ब्लडरेन'चा एक अभ्यास

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेताना काय न्यावे आणि काय मागे ठेवावे, हा रूपांतराचा मूळ प्रश्न आहे. कादंबरीवरून नाटक, नाटकावरून चित्रपट हे प्रवास आपल्या परिचयाचे आहेत. व्हिडिओ गेमवरून चित्रपट हा प्रवास त्या मानाने नवा. तो कोठे फसतो हे पाहण्यासाठी उवे बोल या जर्मन दिग्दर्शकाचा 'ब्लडरेन' (२००५) हा चित्रपट प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

मूळ खेळ २००२ साली 'टर्मिनल रिॲलिटी' या अमेरिकन कंपनीने तयार केला. त्याची नायिका रेन. तिचा बाप व्हँपायर, म्हणजे माणसाच्या रक्तावर जगणारे पिशाच, आई मानवी. बाल्कन प्रदेशातील लोकसमजुतीत अशा संततीला 'धाम्पीर' म्हणतात. व्हँपायरला ओळखण्याचे व मारण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी असते असे मानतात. खेळाचा काळ १९३० च्या दशकातला. लुइझियाना, अर्जेंटिना, जर्मनी असा रेनचा संचार, आणि शत्रूंत नाझीही. चित्रपटाने मात्र कथा अठराव्या शतकातील रुमानियात नेली. काळ बदलला म्हणून चित्रपट पडला असे मी म्हणणार नाही. रूपांतरकाराला तेवढे स्वातंत्र्य असतेच. दोष अन्यत्र आहे.

खेळात रेनची प्रत्येक उडी, प्रत्येक वार खेळणाऱ्याच्या बोटांतून घडतो. ती पडली की आपण पडतो. त्यामुळे तिला काय वाटते हे फारसे सांगितले नाही तरी चालते. ती जागा खेळणारा स्वतःच भरून काढतो. प्रेक्षकाचे हात रिकामे असतात. त्याला रेनच्या हाताऐवजी तिचे मन द्यावे लागते. नेमके तेच बोल यांनी दिलेले नाही.

बेलियार नामक दैत्याच्या तीन अवशेषांचे उदाहरण घ्या : डोळा, बरगडी आणि हृदय. खेळात वस्तू मिळवणे हाच आनंद, कारण ती आपण कमावलेली असते. चित्रपटात रेन मठात शिरून डोळा मिळवते, व्हँपायरला घातक असलेल्या पाण्याची बाधा तिला होईनाशी होते, आणि कथा पुढच्या वस्तूकडे वळते. या प्राप्तीने तिच्या मनात काय बदलले, ते कळतच नाही.

वास्तविक नाट्य तिच्या जन्मातच होते. माणसांच्या लेखी ती पिशाच, पिशाचांच्या लेखी माणूस. आईवर अत्याचार करून तिला ठार मारणारा कॅगन हाच तिचा बाप. सूड घ्यायचा तो स्वतःच्याच अर्ध्या रक्तावर! आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी माझी भाषा 'कॉलेजातली' ठरते आणि वर्गात 'गावाकडची'. म्हणून दोन घरांमधल्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या या नायिकेकडे मी मोठ्या अपेक्षेने पाहिले. सुरुवातीला फिरत्या जत्रेत लोकांच्या करमणुकीसाठी कोंडून ठेवलेली रेन दिसते, तेव्हा ती अपेक्षा वाढते. पण तेथून सुटताच तिच्या हाती शस्त्रे येतात आणि तिचा प्रश्न मागे राहतो.

गुणी माणसांची येथे वाण नव्हती. पटकथा ग्विनेव्हिअर टर्नर यांची, 'अमेरिकन सायको' (२०००) च्या सहलेखिका. कॅगन झाले आहेत बेन किंग्जली. 'गांधी' (१९८२) मधील भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या या नटाला येथे सिंहासनावर बसण्यापलीकडे फारसे काम नाही. बाप-लेक समोरासमोर येतात तेव्हाही बोलणे थोडे, तलवारबाजी अधिक. पैसाही कमी नव्हता. सुमारे २.५ कोटी डॉलर खर्च झाले. तिकीटविक्रीतून ४० लाख डॉलरही आले नाहीत.

शेवटी रेन बापाच्याच सिंहासनावर बसते. आता ती कोण? आईची मुलगी की बापाची वारस? या प्रश्नाच्या जागी आधीच्याच रक्तपाताची दृश्ये पुन्हा दाखवली जातात. चित्रपटाने हा प्रश्न आधी कधी मनावर घेतलाच नव्हता. मग उत्तर कोठून येणार?

मित्रहो, स्नेहसंमेलनासाठी आपणही कथांच्या एकांकिका करतो. घटना उचलणे सोपे असते, आणि तलवारी तर भाड्यानेही मिळतात. त्या घटनांमागे माणूस कशासाठी धडपडतो आहे, हे आधी शोधावे. ते सापडले तर देश-काल बदलूनही रूपांतर तरते. ते हरवले तर ऑस्करविजेता नटही त्याला वाचवू शकत नाही, एवढे 'ब्लडरेन' आपल्याला नक्की शिकवतो.